ताट, तालीम आणि वजनाचा काटा

आरोग्यावरचे व्याख्यान संपले की श्रोत्यांतून ज्या चिठ्ठ्या येतात, त्यांत एक चिठ्ठी हमखास असते. अक्षर कोणाचेही असो, मजकूर ठरलेला. "वजन उतरवायचे तर खाणे कमी करावे की व्यायाम वाढवावा?" प्रश्न दिसायला सरळ, पण तो वाचून दाखवताच सभागृहात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सारे ताटावर आहे. जिभेला लगाम घाला म्हणजे झाले. दुसरा म्हणतो, आमचे आजोबा तुपात बुडवून पुरणपोळ्या खात आणि पहाटे शंभर सूर्यनमस्कार घालीत. त्यांना कुठे पोट होते? पहिल्याला आपण ताटपक्ष म्हणू आणि दुसऱ्याला तालीमपक्ष.

आमचे एक स्नेही तालीमपक्षाचे. गेल्या थंडीत त्यांनी निश्चय केला आणि तीन महिने न चुकता रोज सकाळी तासभर फिरायला गेले. तीन महिन्यांनी काट्यावर उभे राहिले, तो वजन उतरलेले अवघे एक किलो! त्याच दिवशी त्यांनी बूट माळ्यावर टाकले आणि जाहीर केले, "तीन महिने फुकट गेले." ते खरोखरच फुकट गेले काय, एवढाच या लेखाचा विषय आहे. कारण असे बूट माळ्यावर टाकणारे गृहस्थ आपल्या गावात थोडेथोडके नाहीत, आणि आमच्या मते त्यांची फसवणूक व्यायामाने केलेली नाही, काट्याने केली आहे.

हा वाद आजचा नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ प्रकारच्या निंद्य शरीरांचा एक अध्याय आहे आणि त्यांतही अतिस्थूल व अतिकृश यांची चर्चा विस्ताराने केलेली आहे. स्थूलतेची कारणे सांगताना तेथे अतिआहार आणि गोड व जड पदार्थ यांचा उल्लेख येतो, म्हणजे ताटपक्षाची बाजू मांडून झाली. व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांचाही येतो, म्हणजे तालीमपक्षही नाराज होण्याचे कारण नाही. पण त्या यादीत आणखी एक कारण आहे, ते म्हणजे बीजस्वभाव. आईबापांकडून आलेला देहाचा कल दोन्ही पक्ष विसरतात. जुने ग्रंथकार विसरले नव्हते.

ताटपक्षाचा आधुनिक आद्यपुरुष म्हणून विल्यम बँटिंग या लंडनच्या गृहस्थाचे नाव घ्यावे लागेल. अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा त्याचा धंदा होता. उंची बेताची आणि वजन २०२ पौंड. वजन उतरावे म्हणून तो रोज सकाळी टेम्स नदीत नाव वल्हवू लागला. बाहू बळकट झाले, पण भूकही अशी बळकट झाली की वजन वाढतच गेले. पुढे १८६२ साली ऐकू कमी येऊ लागले म्हणून तो विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला. त्याने पाव, साखर, बटाटा आणि बीअर बंद करविली. वर्षभरात सुमारे ४६ पौंड वजन उतरले. १८६३ साली बँटिंगने आपला अनुभव छापून प्रसिद्ध केला आणि ती पुस्तिका इतकी खपली की स्वीडिश भाषेत वजनासाठी पथ्य करणे या अर्थाचे क्रियापद आजही त्याच्या आडनावावरूनच बनलेले आहे. वल्ही हरली आणि ताट जिंकले, असा या कथेचा अर्थ ताटपक्ष लावतो. तो अर्थ चुकीचा नाही; फक्त अपुरा आहे. तो का अपुरा, हे पाहण्यासाठी प्रथम शरीराचा जमाखर्च मांडू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अॅटवॉटर या शास्त्रज्ञाने माणसाला दिवसचे दिवस राहता येईल अशी एक बंद खोली तयार केली. आत गेलेले अन्न मोजायचे आणि बाहेर पडणारी उष्णता व केलेले काम यांचाही हिशेब ठेवायचा. दोन्ही बाजू जुळल्या. म्हणजे सावकाराच्या वहीला जो नियम, तोच शरीराला. जमा जास्त झाली की शिल्लक चरबीच्या रूपाने साठते. खर्च जास्त झाला की ती शिल्लक मोडावी लागते.

आता खर्चाची बाजू पाहा. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक भाग नुसते जिवंत राहण्यातच जातो. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे ही आपण झोपलो तरी झोपत नाहीत. सुमारे दहावा हिस्सा अन्न पचवण्यात जातो. हालचालीच्या वाट्याला उरते ते त्यानंतरचे. सत्तर किलो वजनाचा मनुष्य तासभरात पाच किलोमीटर चालला, तर तो तास बसून काढण्यापेक्षा सुमारे पावणेदोनशे कॅलरी जादा खर्च करतो. आणि येताना टेकडीच्या पायथ्याशी एक मोठा बटाटेवडा खाल्ला, की जवळपास तेवढ्याच कॅलरी पोटात परत येतात. मिळवायला तास लागला. घालवायला चार घास पुरले.

एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरींचा साठा असतो. तेव्हा रोज तासभर चालून एक किलो जाळायला सुमारे दीड महिना लागावा. आमच्या स्नेह्यांचे तीन महिन्यांत, वहीच्या हिशेबाने, दोन किलो उतरायला हवे होते. उतरले एक. मग दुसरा किलो कुठे गेला?

त्याचे उत्तर असे की, शरीर ही वही असली तरी ती मुकी वही नाही. खर्च वाढला की ती जमा वाढवून मागते, आणि जमा तुटली की खर्चाला कात्री लावते. व्यायाम करणाऱ्याला भूक अधिक लागते. शिवाय "आज आपण चाललो" या समाधानात हात थोडा सैल सुटतो. सकाळी तासभर चाललेला मनुष्य दुपारी एरवीपेक्षा जास्त वेळ लवंडतो, हेही घरोघरी दिसते. टांझानियातील हाडझा ही जमात अजून शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून राहते. रोजचे मैलोगणती चालणे तिच्या नशिबी. २०१२ साली हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लोकांचा दिवसाचा एकूण खर्च मोजून प्रसिद्ध केला, तेव्हा देहाचा आकार जमेस धरता तो पाश्चात्त्य शहरवासीयांपेक्षा फारसा निराळा निघाला नाही. शरीर एकीकडे चालण्यावर खर्च करते आणि दुसरीकडे काटकसर करते, असा याचा अर्थ पाँट्झर लावतात. ही काटकसर नेमकी किती, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण व्यायामाचा खर्च पुरताच्या पुरता वजनातून वजा होत नाही, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

येथे ताटपक्षाने टाळ्या वाजवण्याचे कारण नाही. शरीराची हीच चतुराई ताटपक्षावरही उलटते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे समजून घेण्यासाठी हे तरुण स्वेच्छेने पुढे आले होते. २४ आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबर नाडी मंद झाली, अंगात हुडहुडी भरू लागली, हालचाल नकोशी झाली आणि मनात अन्नावाचून दुसरा विचार उरला नाही. काहीजण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. जमा तुटताच शरीराने दिवे मालवायला सुरुवात केली, असेच म्हणावे लागेल. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेत झपाट्याने वजन उतरवलेल्या १४ जणांचे घ्यावे. सहा वर्षांनी, म्हणजे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते, पण त्यांचा विश्रांतीचा खर्च मात्र अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. जे उपाशी राहून घाईने मिळवले, ते राखायला शरीराने मदत केली नाही.

म्हणून उपासाचे कौतुक करताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. उतरलेले वजन सगळे चरबीचे नसते. नुसते खाणे तोडले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. व्यायाम, विशेषतः वजन उचलण्याचा, दंडबैठकांचा व्यायाम, हे स्नायू राखतो. अशा वेळी काटा फसवतो, कारण चरबी गेली आणि स्नायू टिकला, तर काटा थोडेच हलतो, पण माणूस खरा कमावतो. पथ्याने पाच किलो घालवणाऱ्यात आणि पथ्य-व्यायामाने चारच किलो घालवणाऱ्यात काटा पहिल्याला पदक देईल; शरीर कदाचित दुसऱ्याला देईल.

भूक आणि हालचाल यांच्या संबंधाचा एक नमुना आपल्याच देशातला आहे. पश्चिम बंगालमधील एका तागाच्या गिरणीतील कामगारांची पाहणी जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. दुकानात मांडी घालून बसणाऱ्यांपासून ओझी वाहणाऱ्या मजुरांपर्यंत सारे तिच्यात होते. हलक्या कामापासून जड कामाकडे गेले तसतसा आहार वाढत गेला, पण वजन स्थिर राहिले. म्हणजे भुकेने खर्चाशी मेळ राखला. अगदी बैठे असलेल्यांत मात्र हा मेळ सुटलेला दिसला. हालचाल सर्वांत कमी असूनही ते हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात, आणि त्यांचे वजनही जास्त. ही एकाच वेळी केलेली पाहणी होती आणि त्या माणसांची परिस्थिती व मिळकतही एकसारखी नव्हती, हे विसरून चालणार नाही. तरी तिच्यातून निघणारा तर्क विचार करण्याजोगा आहे. पूर्ण निश्चल राहणाऱ्याची भूक त्याला खरा हिशेब सांगेनाशी होते. दुकानाची गादी, कचेरीची खुर्ची आणि घरचा पडदा यांच्यातच ज्यांचा दिवस सरतो, त्यांनी हा तर्क स्वतःवर ताडून पाहावा.

आता आपण वजनाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून आरोग्याचा घेऊ, कारण तालीमपक्षाचे खरे बळ तेथे आहे.

लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर त्या काळी दोन माणसे असत. चालक दिवसभर बसून राही. कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढे-उतरे. जेरी मॉरिस या वैद्यकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या दोघांची तुलना १९५३ साली प्रसिद्ध केली. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला, आणि जो झाला त्यातही लवकर दगावण्याचे प्रमाण बरेच कमी होते. कोणी म्हणेल, चालक मुळातच लठ्ठ असतील. मॉरिसलाही ती शंका होती. म्हणून १९५६ साली त्याने दोघांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या पाटलोणी कमरेला खरोखरच मोठ्या होत्या! पण पुढचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. बारीक, मध्यम आणि जाड अशा तिन्ही मापांच्या कंडक्टरांत अचानक मृत्यूचे प्रमाण त्या त्या मापाच्या चालकांपेक्षा कमी होते. जिना चढल्याचे फळ पाटलोणीचे माप पाहून मिळत नव्हते.

दुसरा दाखला चेन्नईचा. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी तीन वर्षांत दर शंभरी ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून आहाराचे पथ्य आणि रोजचे चालणे पाळून घेतले, त्यांच्यात ते प्रमाण शंभरी सुमारे ३९ होते. आणि या दुसऱ्या गटाचे वजन? ते सरासरीने जवळजवळ होते तेवढेच राहिले. आमच्या स्नेह्यांनी माळ्यावरचे बूट खाली काढण्यासाठी एवढा एक आकडा पुरेसा आहे. त्या लोकांनी काट्यावर विश्वास ठेवून चालणे सोडले असते, तर त्यांतील कितीतरी जण आज मधुमेही असते.

असे का होते? चालताना स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना नेहमीइतके इन्सुलिन लागत नाही. व्यायामानंतरही काही काळ स्नायू इन्सुलिनला अधिक दाद देतात. रक्तवाहिन्या लवचिक राहतात, रक्तदाब उतरतो, यकृतातली चरबी घटते. यांतले काहीही काट्यावर दिसत नाही.

आपणा भारतीयांना तर काटा आणखी एका प्रकारे फसवतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आपले दोघांचे एक छायाचित्र छापले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो बीएमआय काढतात, तो दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. काट्याच्या दृष्टीने जुळे भाऊ. आतून मात्र निराळे. याज्ञिकांच्याच पाहणीत पुणे परिसरातील खेड्यांतली नवजात बालके सरासरी सुमारे २.७ किलोची आढळली, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळे स्नायूंत आणि अवयवांत कमी, पण कातडीखालच्या चरबीत फारशी मागे नव्हती. म्हणून "आम्ही काटकुळे, आम्हांला कसला मधुमेह?" असे म्हणणाऱ्या मध्यमवयीन गृहस्थांनी काट्यापेक्षा शिंप्याच्या फितीकडे वळावे. भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटीमीटरवर आणि स्त्रीचा ८० वर गेला, की वजन काहीही सांगो, सावध व्हावे.

मग ताटपक्षाला काही सांगण्यासारखे उरत नाही काय? पुष्कळ उरते. ज्याचे वजन खरोखरच फार आहे, ज्याचा मधुमेह जडून थोडीच वर्षे झाली आहेत, त्याला ताटाचा उपाय जे देतो ते तालीम एकटी देऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा रुग्णांना काही महिने दिवसाला सुमारे साडेआठशे कॅलरींवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठेवले. वर्षाअखेर त्यांच्यापैकी ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला होता, आणि १५ किलो किंवा त्याहून अधिक उतरवणाऱ्यांत तर ८६ टक्क्यांचा. हे केवळ चालून साधणारे काम नाही. आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने हे घरच्या घरी करूही नये. औषध तेच ठेवून अन्न तोडले तर साखर धोक्याइतकी खाली जाते.

ताटात किती वाढले, याइतकेच काय वाढले यालाही महत्त्व आहे. २०१९ साली केव्हिन हॉल यांनी अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया झालेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न दिले. समोर मांडलेल्या अन्नातील साखर, चरबी आणि कॅलरी सारख्या ठेवल्या आणि हवे तेवढे खायची मुभा दिली. पाकिटातल्या अन्नावर माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि जवळजवळ एक किलोने वाढली. इच्छाशक्तीला दोष देण्यापूर्वी पुड्यांच्या दुकानाकडे एकदा पाहावे, हा याचा बोध. अलीकडे भूक मारणारी इंजेक्शने निघाली आहेत. त्यांनी वजन चांगले उतरते, म्हणजे ताटाचे महत्त्व सिद्धच होते. पण औषध थांबवल्यावर उतरलेले बरेचसे वजन परत येते, हेही प्रयोगांत दिसून आले आहे.

एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या घरांत ताटाचा आणि तालमीचा विचार बहुधा पुरुषांपुरता होतो. जी बाई सर्वांच्या मागून जेवते, उरलेला भात टाकवत नाही म्हणून स्वतःच्या पानात घेते, आणि "घरात दिवसभर हालचाल होतेच की" असे जिला ऐकवले जाते, तिच्यासाठी सकाळचा तास कोणी मोकळा ठेवतो काय? तिच्या पोटाचा घेर हा तिच्या एकटीच्या जिभेचा दोष नाही. त्यात घराच्या रीतीचाही वाटा आहे. घरातल्या एकाने फिरायला जाताना दुसऱ्याने चहा टाकायचा, हा नियम आळीपाळीने पाळला तर आरोग्याचे अर्धे काम होईल.

आता निवाडा करू. वजन उतरवायचे असेल तर मुख्य काम ताटाचे. तालीम त्यात मदतनीस. उतरलेले वजन राखायचे असेल, स्नायू टिकवायचे असतील, हृदय आणि साखर सांभाळायची असेल, तर मुख्य काम तालमीचे. आणि ते काम वजन उतरले नाही तरी चालूच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस तरी स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असा आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे आणि दोन दिवस दंडबैठका. यासाठी ना तालमीची इमारत लागते, ना महागडी यंत्रे. ताटाच्या बाबतीत भात आणि साखर थोडी कमी, डाळ, उसळ, ताक आणि भाजी थोडी जास्त, आणि पुड्यातले खाणे सणासुदीपुरते, एवढे पथ्य पुष्कळांना पुरेसे होईल.

आमच्या स्नेह्यांना आम्ही हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "मग काट्याचे काय करू?" आम्ही म्हटले, महिन्यातून एकदा त्याची भेट घ्या, पण त्याला न्यायाधीश करू नका. फीत कमरेभोवती फिरवा, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, आणि तीन मजले चढून दम किती लागतो ते पाहा. परवा सकाळी ते टेकडीच्या वाटेवर दिसले. बूट तेच होते. फक्त माळ्यावरची धूळ पुसलेली होती.